कोहळ्याचं वजन

आमच्या क्लबात धनुष्य विकत घेणारे थोडे, बदलून घेणारे जास्त. नवशिका माणूस वीस-पंचवीस पौंडांच्या धनुष्यावर हात बसवतो, खांदा तयार झाला की चाळीसच्या आसपास जातो आणि सत्तरी जवळ आली की पुन्हा खाली उतरू लागतो. दर टप्प्याला नवं धनुष्य करवून घेणं परवडत नाही, म्हणून चढणारे आणि उतरणारे एकमेकांना हेरून ठेवतात. तुझं मला, माझं तुला, वर थोडे पैसे किंवा डझनभर बाण. मैदानाच्या कडेला चहाचा मग हातात धरून हे व्यवहार होतात आणि कागद कोणी करत नाही.

पौंड म्हणजे इथे ओढ. दोरी ठरावीक अंतर मागे खेचून धरायला जो जोर लागतो तो. म्हणून लाकडी धनुष्याच्या मुठीजवळ शाईने दोन आकडे लिहिलेले असतात, किती पौंड आणि किती इंचांवर. जितकं मागे ओढाल तितकं ते जड होत जातं, शेवटी शेवटी तर प्रत्येक इंचाला साधारण अडीच-तीन पौंडांनी. बेतलेल्या मापाच्या पलीकडे ओढलं तर लाकूड आतून चेपतं, नाहीतर सरळ मोडतं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात हे मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. त्यामुळे पुढे जे घडलं ते अडाणीपणामुळे घडलं असं म्हणायची मला सोय नाही.

मी मूळची साताऱ्याची. गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एका इस्पितळाच्या औषध विभागात काम करते. धनुष्य हातात घेतलं ते चाळिशी उलटल्यावर, तेही पाठ सारखी धरते म्हणून कोणीतरी सुचवलं तेव्हा. (मावशीने फोनवर विचारलं होतं, ‘आता मत्स्यभेद करणार का गं?’) माझं धनुष्य साधं होतं. पोटाला लेमनवुड, पाठीला हिकरीची चिकटवलेली पट्टी, दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या. धनुष्याची पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ती ताणली जाते. पोट म्हणजे आपल्याकडची, ते दाबलं जातं. मुठीच्या वरचा आणि खालचा भाग म्हणजे धनुष्याचे हात. ३४ पौंड, २६ इंचांवर. माझे हात आखूड आहेत, २६च्या पुढे मी जात नाही. म्हणजे ते धनुष्य माझ्या मापाचं होतं आणि त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नव्हती. कंटाळा मात्र आला होता.

अशात क्लबातल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, माझं यूचं घेतेस का?

यूचं धनुष्य म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा उगाच मोठा वाटेल. यू या झाडाचं सालीलगतचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतला लालसर गाभा दाब सोसतो. दोन्ही थर एकत्र येतील अशी फाक काढली तर वेगळी पट्टी चिकटवावी लागत नाही. एकाच लाकडाची पाठ आणि पोट. पण झाड वेडंवाकडं वाढतं, गाठींनी आणि बारीक टाचण्यांसारख्या डोळ्यांनी भरलेलं असतं. सहा फुटांची सरळ, स्वच्छ फाक सापडणं मुश्कील. म्हणून बहुतेक कारागीर आखूड दोन तुकडे घेतात आणि मुठीच्या आत दातेरी जोड देतात. या धनुष्यात जोड नव्हता. ओरेगॉनच्या डोंगरातल्या लाकडाची एकच फाक, वाढीची वर्तुळं इतकी दाट की मोजताना नजर घसरावी. मुठीच्या वर, बाण घासून जातो तिथे, शिंपल्याचा चकाकता तुकडा बसवलेला. करणारा कारागीर वारला होता आणि त्याने आयुष्यात फार धनुष्यं केली नव्हती. शाईचे आकडे फिकट झालेले, तरी वाचता येत होते. ५२ पौंड, २८ इंच.

बदल्यात त्यांना माझं धनुष्य हवं होतं आणि वर दीडशे पौंड, हे मात्र पैशाचे. बाजारात एकसंध यूच्या धनुष्याला याच्या कितीतरी पट पडतात. आवळा देऊन कोहळा काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

‘पण ते का देताहेत?’ नवऱ्याने विचारलं.

‘वय झालं त्यांचं,’ मी म्हटलं.

ते स्वतः काय म्हणाले होते ते मी घरी जसंच्या तसं सांगितलं नाही. ते म्हणाले होते, ‘हे मला आता ओढवत नाही.’ हा माणूस जन्मभर धनुष्य चालवत आलेला, खांदे अजून दारात अडतील असे. त्यांना जे ओढवत नव्हतं ते मी माझ्या कारकुनी खांद्याने ओढणार होते. त्या वाक्यात मला विक्रीचं कारण ऐकू आलं, सूचना ऐकू आली नाही.

निर्णय घ्यायला मी आठवडाभराची मुदत मागितली आणि त्या आठवड्यात पुष्कळ अभ्यास केला. अभ्यास खरोखरच चांगला होता, त्यातलं एकही माझ्या कामाचं नव्हतं, एवढंच.

पहिली गोष्ट, यूबद्दल मला आधीपासूनच हळवेपणा होता आणि तो कामामुळे. आमच्या विभागात कर्करोगाच्या रुग्णांसाठी पॅक्लिटॅक्सेल तयार होऊन जातं. हे औषध मुळात सापडलं ते याच पॅसिफिक यूच्या सालीत. १९६२मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातून गोळा केलेल्या सालीवर उत्तर कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी काम केलं आणि १९७१मध्ये त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९९२मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली तेव्हा एका रुग्णापुरतं औषध काढायलाही अनेक झाडांची साल लागते म्हणून केवढा वाद पेटला होता. आता ते दुसऱ्या मार्गांनी बनवतात आणि ती झाडं वाचली. रोज ज्याच्या बाटल्यांवर सही करते त्याच झाडाचं धनुष्य, आणि मधे नंदुरबारचा माणूस! एवढा योग जुळून आल्यावर ५२ या आकड्याकडे कोण बघतो? बहिणीला मी रात्री हे सगळं फोनवर रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ‘छान आहे गं, पण तू ते ओढणार की पूजणार?’ मी विषय बदलला.

दुसरी गोष्ट, शनिवारी आम्ही पोर्टस्मथला गेलो. तिथे आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज आहे. १५४५च्या जुलैत ते राजाच्या डोळ्यांसमोर बुडालं आणि १९८२मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त अखंड लाँगबो (आमच्यासारखीच लांब लाकडी धनुष्यं) आणि साडेतीन हजारांवर बाण सापडले. शिंगाच्या टोप्या जवळपास सगळ्या कुजून गेलेल्या, पण यूचं लाकूड चारशेहून अधिक वर्षं चिखलात राहूनही ओळखू येण्याजोगं. त्यांची ओढ शंभर पौंडांपासून दीडशेच्याही पुढे असावी असा अंदाज आहे. ज्या माणसांनी ती ओढली ती लहानपणापासून दर रविवारी सराव केलेली होती. कायदाच होता तसा. इंग्लंडमधलं यू पुरेना म्हणून १४७२च्या कायद्याने येणाऱ्या व्यापारी जहाजांना प्रत्येक टन मालामागे चार धनुष्यांची लाकडं आणणं सक्तीचं केलं होतं. हे सगळं काचेपलीकडे बघत मी उभी होते आणि मनात एकच विचार, शंभर-दीडशेच्या पुढे ५२ म्हणजे किती किरकोळ.

तिथे डोकं चालवायला हवं होतं. त्या जहाजावरच्या सांगाड्यांमध्ये खांद्याच्या हाडांत काही जणांच्या बाबतीत वेगळेपण आढळलं आहे आणि ते जन्मभराच्या ओढीमुळे असावं असं काही अभ्यासक मानतात. हा फलक मी वाचला. फोटोही काढला. आपला खांदा त्या फलकाशी जोडून बघितला नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकाची. जहाज बुडालं त्याच वर्षी रॉजर अ‍ॅस्कमने ‘टॉक्सोफिलस’ हे धनुर्विद्येवरचं पुस्तक राजाला अर्पण केलं. धनुष्य घेतल्यावर ते आधी मैदानावर न्या, जड बाणांनी भरपूर चालवा, कुठे जास्त वाकतंय ते पाहा आणि मग कारागिराकडून ते नीट करून घ्या, असा त्यात सल्ला आहे. मी ते पान पेन्सिलने खूण करून ठेवलं. आणि प्रत्यक्षात काय केलं? गृहस्थांनी चाचणीसाठी धनुष्य हातात दिलं, सकाळची वेळ, अंग ताजं, पहिल्याच फेरीचे बाण सोडले. ते गेले! माझं जुनं धनुष्य बाण ढकलायचं. हे फेकत होतं. दोरीचा आवाजही वेगळा, कोरडा आणि तुटक. मी त्या पहिल्या फेरीवरच होकार देऊन टाकला. शेवटच्या फेरीपर्यंत थांबले असते तर खांद्याने वेगळं मत दिलं असतं.

हिशेब मी केला नव्हता असं नाही. २८ इंचांवर ५२, मी २६च ओढते, म्हणजे माझ्या हाताला ४६-४७ पौंड. जुन्यापेक्षा बारा पौंड जास्त. आमच्याकडे तीन-चार पौंडांच्या पायरीने चढावं असं सांगतात. मी म्हटलं, तीन-चार पायऱ्या एकदम. आम्ही बायका बहुतेक ‘नॅशनल’ फेरी मारतो, ६० यार्डांवर चार डझन आणि ५० यार्डांवर दोन डझन, एकूण ७२ बाण. बारा गुणिले ७२ म्हणजे ८६४ पौंड, एका दुपारात, आधीपेक्षा जास्त. औषधांच्या मात्रा दिवसभर तपासणाऱ्या बाईला हा गुणाकार करता येत नव्हता असं नाही. तो केला असता तर नाही म्हणावं लागलं असतं, म्हणून केला नाही. आणखी एक गोष्ट मला माहीत होती: २८ इंचांसाठी घडवलेलं धनुष्य २६वर सोडलं तर त्याचा खरा वेग मिळतच नाही. म्हणजे वजन सगळं माझ्या वाट्याला आणि गुण अर्धवट.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जास्त जड जातंय.

आदल्या हिवाळ्यात माझ्या लेमनवुडच्या धनुष्याची खालची शिंगाची टोपी सुटली होती. दोरी अडकते ती या टोपीच्या खाचेत, त्यामुळे ती सुटणं ही साधी गोष्ट नव्हे. मी घरच्या घरी इपॉक्सीने चिकटवली, वरून घासून पॉलिश केली. बसली होती नीट. नंतर कधी हलली नाही. अदलाबदलीच्या दिवशी मी छोटी विजेरी घेऊन गेले होते. यूच्या पोटावर तिरपा उजेड टाकून आडव्या बारीक रेघा दिसतात का ते बोट फिरवून फिरवून तपासलं. दाबाने आतलं लाकूड चेपलं गेलं की अशा रेघा उमटतात, नखाला अडतात. एकही नव्हती. ते शांतपणे उभे होते. मग माझं धनुष्य हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, ‘काही दुरुस्ती वगैरे?’

‘दोरी नवी आहे,’ मी म्हटलं.

उत्तर खोटं नव्हतं. प्रश्नाचं मात्र नव्हतं. त्यांनी मान हलवली, मी दीडशे पौंड मोजून दिले.

पुढचे काही आठवडे मी क्लबात मिरवले, हे कबूल करायला हवं. धनुष्य पिशवीतून काढलं की दोघं-तिघं जवळ यायचे. माझी गोष्ट तयार असायची: ओरेगॉन, वारलेला कारागीर, बिनजोड फाक, आणि भारतीय कोणी असलं तर नंदुरबार. बाण मात्र उजवीकडे जात होते. लाँगबोला बाणासाठी खिडकी कापलेली नसते, बाण मुठीला वळसा घालून, किंचित लवत बाहेर पडतो. त्याचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी जुळावा लागतो. ३४ पौंडांसाठी निवडलेले माझे देवदाराचे बाण या धनुष्यासाठी मऊ होते, म्हणून उजव्या हाताने सोडणाऱ्या माझ्यासारखीचे ते उजवीकडे पळायचे. हलका बाण जड धनुष्यालाही बरा नव्हे. हेही मला माहीत होतं. तरी मी महिनाभर तेच वापरले, कारण नवे घ्यायचे म्हणजे हा सौदा महाग पडला हे नवऱ्यासमोर मान्य करणं. शेवटी घेतले. तेव्हा उजवीकडे जाणं थांबलं आणि बाण खाली पडू लागले, कारण तोवर मी २६ इंचही पूर्ण ओढत नव्हते. हात आपोआप अलीकडे थांबायचा, पाठ मागे झुकायची, डावा खांदा कानाशी यायचा. आमच्या प्रशिक्षक बाई एकदा म्हणाल्या, ‘तू धनुष्य ओढत नाहीयेस, ते तुला ओढतंय.’ मला राग आला. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या हातांचं आधुनिक धनुष्य आहे, यांना यूचं काय कळणार, असं वाटलं. इतकी मी त्या वेळी वाया गेले होते.

उजवा खांदा रात्री दुखू लागला. कुशीवर वळलं की जाग यायची. फिजिओथेरपिस्टने खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची कंडरा सुजलीय म्हणून सांगितलं आणि विचारलं, ‘अलीकडे काही जड उचललं?’ मी म्हटलं, पुस्तकांची खोकी. धनुष्याचं नाव घेतलं असतं तर तो ‘बंद करा’ म्हणाला असता. औषधं देताना रुग्ण आमच्याशी खोटं बोलतात म्हणून मी घरी येऊन किती वेळा वैतागलेय.

त्याच सुमाराला, एका रविवारी, त्या गृहस्थांच्या हातात माझ्या जुन्या धनुष्याची खालची टोपी उडाली. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत. दोरी सुटून त्यांच्या हातावर बसली, मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पट्टा उमटला आणि धनुष्याचं टोक चिरलं. मी दोन लक्ष्यं सोडून उभी होते. सगळे धावले, मीही धावले. बर्फ शोधायला गेले, चहा करून आणला. ते खुर्चीत बसून तुटलेली टोपी बोटांत फिरवत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘ही आधी कधी निघाली होती का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

हे मात्र स्वच्छ खोटं होतं. आजूबाजूला माणसं उभी होती, एवढंच त्याचं कारण.

उन्हाळ्यात भाचा आला. मँचेस्टरला शिकतो, सहा फुटांच्या वर उंच, हात गुडघ्यापर्यंत. त्याला मैदानावर नेलं. मला खांद्यामुळे ओढता येत नव्हतं, पण धनुष्य दाखवायची हौस होतीच. प्राथमिक गोष्टी सांगितल्या, दोन-तीन बाण जवळच्या अंतरावर सोडायला लावले. मग फोटो काढायचा म्हणून मीच म्हटलं, ‘असं हनुवटीशी काय, आकर्ण ओढ. अर्जुनासारखं.’ त्याने ओढलं, कानापर्यंत. त्याच्या हातांची लांबी बघता तीस इंचांच्या पुढे गेलं असणार. मी कॅमेऱ्यातून बघत होते. धनुष्याची कमान फोटोत इतकी सुरेख आलीय की अजून तो फोटो पुसवत नाही. त्या क्षणी आवाज वगैरे काही झाला नाही. रात्री पुसून ठेवताना वरच्या हाताच्या पोटावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, नखाला काहीतरी अडलं. विजेरी आणली. एक रेघ आडवी, केसाएवढी, तिच्याखाली दुसरी, अर्धी.

भाच्याला मी काही सांगितलं नाही. एवढं एक बरं केलं.

कारागिराकडे जायला मी शरद ऋतू उजाडेपर्यंत वेळ काढला. तोवर एका संग्राहकाने स्वतःहून निरोप धाडला होता, तुझं ते यूचं बदलायचं असेल तर माझ्याकडे अमुक आहे, तमुक आहे. मोह झाला. रेघा तिरप्या उजेडाशिवाय दिसत नव्हत्या. निरोप टाइप करून ठेवला होता, त्यात रेघांचा उल्लेख नव्हता. एक दिवस तसाच ठेवला, मग पुसून नवा लिहिला, फोटोसकट. त्याचं लगेच उत्तर आलं, आभारी आहे, सध्या नको.

कारागिराने धनुष्य हातात घेऊन आधी दोरी न लावता पाहिलं, मग लावून, मग भिंतीवरच्या फळीत अडकवून इंचाइंचाने खाली ओढत नेलं आणि हात कुठे किती वाकतात ते बघत राहिला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, दोन मार्ग आहेत. एक, हे असंच भिंतीवर लावा. करणाऱ्याचं काम जसंच्या तसं राहील, बघायला छान आहे. दुसरा, रेघांची जागा सोडून बाकीच्या पोटावरचं लाकूड थोडं थोडं खरवडायचं. म्हणजे बाकीचा भाग जास्त वाकेल आणि चेपलेल्या जागेवरचा ताण कमी होईल. ओढ मात्र बरीच उतरेल, आणि दुर्मीळ वस्तू म्हणून जी काही किंमत असेल ती संपेल. रेघा जाणार नाहीत कधीच, वाढणार नाहीत एवढीच आशा.

मग हत्यारं पुसता पुसता सहज म्हणाला, ‘तुमच्याच क्लबातलं एक लेमनवुड आलं होतं माझ्याकडे, खालचं टोक चिरलेलं. त्यावर दोनदा गोंद बसलेला होता. आतला थर माझ्या धंद्यातल्या माणसाचा, वरचा घरगुती. टोपी धरायची तर जुना गोंद पूर्ण काढावा लागतो, तो काढलाच नव्हता.’

म्हणजे त्या गृहस्थांना कळलं होतं, किंवा कळणार होतं. मी त्यांच्याकडे गेले ती सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून गेले असं लिहिलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पकडले जाणार हे दिसलं म्हणून गेले. त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं: टोपी आधी निघाली होती, मीच चिकटवली होती, तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोनदा मी सांगितलं नाही. ते रागावले. इंग्रज माणसं आवाज न चढवता रागावतात तसे. म्हणाले, ‘दोरी हाताला लागली. डोळ्याला लागली असती.’ दुरुस्तीचा खर्च किती झाला ते मी विचारलं, त्यांनी आकडा सांगितला, मी दिला आणि त्यांनी तो घेतला. यूचं धनुष्य परत देऊ का असं विचारलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन पोटावर अंगठा फिरवला, रेघ सापडली. ‘मी दिलं ते हे नव्हतं,’ म्हणाले, आणि परत माझ्या हातात ठेवलं. त्यानंतर पूर्ण हंगामभर ते माझ्या लक्ष्यासमोर उभे राहिले नाहीत. अजून राहत नाहीत. भेटल्यावर मान हलवतात.

कारागिराला मी दुसरा मार्ग सांगितला. लगेच नाही, मधे बरेच दिवस धनुष्य दिवाणखान्यात भिंतीवर लावून पाहिलं. येणारेजाणारे विचारायचे आणि मी ओरेगॉनपासून सुरुवात करायचे. बहिणीचा ‘ओढणार की पूजणार’ हा प्रश्न आठवायचा. एका संध्याकाळी माझीच गोष्ट मला कंटाळवाणी वाटली, तेव्हा ते उतरवून नेलं.

आता ते ३८ पौंड आहे, माझ्या २६ इंचांवर. जुने आकडे कारागिराने खोडले नाहीत, खाली नवे लिहिले. रेघांच्या जागेला बारीक रेशमी धागा गुंडाळून घेतला आहे, तो लाकडाला फारसा आधार देत नाही पण कोणीही हातात घेतलं की आधी त्याबद्दल विचारतं आणि मग मला सांगावंच लागतं. बाण तिसऱ्यांदा बदलावे लागले. फिजिओथेरपिस्टला मी पुढच्या भेटीत खरं सांगितलं, त्याने सहा आठवडे विश्रांती घ्यायला सांगितली आणि पुस्तकांच्या खोक्यांबद्दल विचारलं नाही. या वर्षी एक ‘नॅशनल’ पूर्ण मारली. गुण सांगण्यासारखे नाहीत.

परवा क्लबातल्या एका नव्या मुलीने विचारलं, तिच्या ओळखीत कोणी जुनं यूचं धनुष्य बदलून देतंय, काय करू? मी तिला विचारलं, तू किती इंच ओढतेस? तिला माहीत नव्हतं. मोजपट्टी आणून मोजलं, साडेपंचवीस. समोरचं किती इंचांचं? तेही विचारलं नव्हतं. आधी ते विचार, म्हटलं, आणि त्यांना सांग की पहिले ७२ बाण मारल्याशिवाय उत्तर देणार नाही. आणि तुझ्या धनुष्याला काय काय झालंय ते आज घरी जाऊन लिहून काढ.

ती म्हणाली, ‘माझ्याला काही झालेलं नाही.’

‘तरी लिही,’ मी म्हटलं, आणि आम्ही बाण वेचायला गेलो.